एकसारखी उत्तरं

समिधा लघाटे आपल्या कॉलेजचं नाव सांगायची तेव्हा समोरचा माणूस हमखास विचारायचा, "हे कुठं आलं?" बाहेरगावच्यांचं सोडा, खुद्द जबलपूरवालेही विचारायचे. रिछाईतले कारखाने संपत आले की रस्त्याच्या कडेला एक गुलाबी इमारत लागते. खाली फार्मसी, वर इंजिनिअरिंग. तिथं समिधा कॉम्प्युटरच्या शाखेत शेवटच्या वर्षाला होती. नोकऱ्या द्यायला म्हणून ज्या कंपन्या तिथं यायच्या, त्यातली एक फोनवरून विमा विकायची, आणि दुसरी मुलांची प्रमाणपत्रं तपासायला म्हणून घेऊन गेली ती पुन्हा फिरकली नाही. मोठ्या कंपन्या इंदूरला यायच्या, भोपाळला यायच्या. या गुलाबी इमारतीचा जिना त्या कधी चढल्या नव्हत्या.

समिधाचे वडील दिवाकर लघाटे संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला प्रत्येक भाग आधी खोटा धरायचा आणि मापात बसला तरच खरा मानायचा, अशी त्यांची नोकरी. ती सवय ते घरीही आणायचे. भाजीवाल्याचा काटा, सिलिंडरचं सील, मुलीच्या मैत्रिणींचे पत्ते, सगळं एकदा पारखून घ्यायचे. आई शरयू म्हणायची, "यांच्या दारात देव आला तर आधी त्याला ओळखपत्र मागतील."

बंगळुरूची एक नामांकित कंपनी देशभरातल्या मुलांची ऑनलाइन परीक्षा घेते, कुठल्याही कॉलेजच्या मुलांना बसता येतं, हे समिधानं सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बिना ओळखीचं कोणी काहून बोलावेल?"

"बाबा, टेस्ट आहे. जो पास होईल त्याला बोलावणार."

"सुशांतलाही असंच बोलावलं होतं."

सुशांत शेजारच्या क्वार्टरमधला. एका एजन्सीनं त्याला शिक्का मारलेलं नेमणूकपत्र दिलं होतं. तो पेढे वाटून नोएडाला गेला तर त्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान. तेव्हापासून अख्ख्या वसाहतीत नोकरीची बातमी आली की लोक आधी गप्प बसायचे आणि मग विचारायचे, "पक्की आहे ना?"

समिधा मात्र परीक्षेला बसली. तिच्यासोबत तिच्या वर्गातला अक्षतही बसला.

अक्षत पाठराबे शहरातल्याच गोहलपूर भागातला. वडिलांचं तिथं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचं वर्कशॉप होतं, आणि घर त्याच्याच वर. दुसऱ्या वर्षापासून दोघं कॉलेजच्या वरच्या लॅबमध्ये एकत्र अभ्यास करायचे. तिथले पंखे चालत नसत, पण इंटरनेट चालायचं. समिधा फळ्यावर लिहून समजावायची आणि अक्षत तेच मशिनवर टाइप करून चालवून बघायचा. शिकवणारे सर मधेच नोकरी सोडून गेले होते, त्यामुळं एकमेकांना शिकवण्यावाचून इलाज नव्हता. वर्गातले काही जण त्या दोघांकडं बघून भलतंच हसायचे. दोघांनाही त्याची फिकीर नव्हती, कारण दोघांनाही त्या इमारतीतून बाहेर पडायचं होतं.

परीक्षेच्या आठवड्यात अक्षतच्या लॅपटॉपचा पडदा फुटला. सरावाला म्हणून समिधानं त्याला आपला दिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यानं तो परत आणून दिला आणि स्वतः चुलतभावाच्या मशिनवरून पेपर लिहिला. तीही आपल्या घरी लिहीत होती. समोर कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कोणी नाही. शेवटचा प्रश्न शहरांचा होता, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा. असले प्रश्न त्यांनी लॅबमध्ये इतके सोडवले होते की समिधाची बोटं आपोआप चालली.

निकालाचा ईमेल आला तो तिला दोनदा वाचावा लागला. वर लिहिलं होतं की तुमचे गुण उत्तम आहेत. खाली लिहिलं होतं की तुमचं एक उत्तर तुमच्याच कॉलेजमधल्या दुसऱ्या उमेदवाराच्या उत्तराशी संशय यावा इतकं जुळतं, तेव्हा पुढच्या मुलाखतीत याचा खुलासा द्यावा, समाधान झालं नाही तर अर्ज रद्द होईल.

तिच्या कॉलेजमधून दुसरा उमेदवार एकच होता.

बाबांनी चष्मा लावून मोबाइल हातात घेतला. त्यांना आधी ईमेलच खोटा वाटला. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी एकेक अक्षर करून वाचला. मग म्हणाले, "लॅपटॉप काहून दिला होता त्याला?"

"त्याचा बिघडला होता म्हणून."

"दिला, आणि पेपरच्या आदल्या दिवशी परत आला. आता उत्तर जुळलं. तूच सांग."

"पण प्रश्न तर आधी माहीत नव्हते, बाबा."

"प्रश्न नसतील माहीत. तुझ्या फाइली तर होत्या ना त्यात? त्या उचलल्या असतील. मी म्हणून राहिलो, उद्या त्यांना साफ सांग, याला माझा लॅपटॉप दिला होता. आपण काहून मधे अडकायचं?"

समिधानं त्यांना उडवून लावलं, पण गोष्ट डोक्यात राहिली. तिच्या सरावाच्या सगळ्या फाइली त्या लॅपटॉपमध्ये होत्या हे खरं होतं. तिनं अक्षतला मेसेज केला, 'तुला पण ईमेल आला?' त्यानं वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही. तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजला आला नाही. मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. परीक्षेनंतर तो म्हणाला होता, शेवटचा प्रश्न 'अपनेवाला' निघाला. तेव्हा ती हसली होती. आता त्या शब्दाचाही तिला संशय यायला लागला. लॅपटॉप परत देताना तो घाईत होता. घाईत काहून होता?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी ती गोहलपूरला गेली. वर्कशॉपमध्ये वार्निशचा वास भरला होता. अक्षतचे वडील एका पंपाची जळकी तार काढत होते. तिला बघून त्यांनी मानेनंच वरच्या जिन्याकडं खुणावलं. नेहमीसारखं 'ये बेटा' म्हणाले नाहीत, हे तिच्या लक्षात आलं.

अक्षत जिन्यावरच भेटला. वर बोलावलं नाही, तिथंच बसला.

"फोन काहून नाही उचलला?" समिधानं विचारलं.

"काय बोलणार होतो?"

"ईमेल आला ना तुला?"

"आला. तुझा इंटरव्ह्यू कधी आहे?"

"उद्या सकाळी. तुझा?"

"दुपारी." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणजे तू आधी बोलणार."

त्या वाक्यात काय होतं ते समिधाला नीट कळलं नाही, पण झोंबलं. "मी सरळच विचारते," ती म्हणाली. "माझ्या लॅपटॉपमधून तू काही घेतलं का?"

अक्षत तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हेच मी तुला विचारणार होतो. माझ्या सगळ्या फाइली तुझ्या लॅपटॉपवर राहिल्या. पुसायच्या राहून गेल्या. पेपरच्या आधी तू उघडल्या का?"

"मी काहून उघडेन? तुला शिकवलं कोणी?"

"हो ना. तूच शिकवलंस. म्हणून माझं जे काही आहे ते तुझंच, असं तिथं जाऊन सांगशील."

"मी असं म्हटलं का?"

"तुझ्या बाबांनी म्हटलं असेल. मला माहीत नाही का ते?"

बाबांनी खरोखर तेच म्हटलं होतं. परीक्षा संपल्यावर आपण काय लिहिलं ते पुन्हा बघायची सोय नव्हती, नाहीतर दोघांनी ते समोरासमोर ठेवून पाहिलं असतं. आता एकाकडं दुसऱ्याचा शब्द तेवढा होता, आणि तो शब्द दोघांनाही पुरत नव्हता.

ती उठली तेव्हा अक्षत म्हणाला, "मी तुझं नाव घेणार नाही. तू माझं घ्यायचं की नाही, तुझी मर्जी."

त्यावर विश्वास ठेवायला समिधा तयार होती, पण पूर्ण नाही. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, हे वाक्य त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असणार.

सकाळी मुलाखत सुरू झाली. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात मेघना नावाच्या बाई, केस बारीक कापलेले, आवाज शांत. दुसऱ्या चौकोनात कोणीतरी गृहस्थ होते, पण त्यांनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता. काळ्या चौकोनात त्यांच्या नावाचं आद्याक्षर तेवढं दिसत होतं. बोलणं इंग्रजीत चाललं.

मेघनांनी आधी तिला लॅपटॉप उचलून सगळी खोली दाखवायला सांगितली. टेबलाखाली दाखवा. पलंगामागं दाखवा. दाराकडं वळवा. समिधानं दाराकडं वळवला आणि दारात बाबा उभे होते, कारखान्याचा गणवेश घातलेले, कान देऊन.

"हे कोण?" काळ्या चौकोनातला आवाज पहिल्यांदाच बोलला.

"माझे वडील."

"ते काय काम करतात? कॉम्प्युटरमधले आहेत का?"

"नाही, सर. कारखान्यात आहेत."

"खोलीत आणखी कोणी?"

"नाही."

बाबांना ते बोलणं सगळं कळलं नाही, पण आपल्यावर कोणीतरी संशय घेतंय एवढं बरोबर कळलं. आयुष्यभर ते दुसऱ्यांना तपासत आले होते. त्यांनी हात वर केले, मोकळे आहेत असं दाखवलं आणि मागं सरले. दार समिधानं उठून लावलं. तिला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला.

मग मेघनांनी विचारलं, "दुसऱ्या उमेदवाराला तुम्ही ओळखता?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रिक्षात, जेवताना, अंघोळ करताना तिनं त्याची वेगवेगळी उत्तरं बनवली होती. एकात ती म्हणत होती की वर्गात आहे, फारशी ओळख नाही. एकात लॅपटॉपची गोष्ट होती, अगदी सहज सांगितल्यासारखी. दाराबाहेर बाबा उभे असणार, आणि लॅपटॉप हा शब्द त्यांना कुठल्याही भाषेत कळला असता.

"ओळखते," समिधा म्हणाली. "दोन वर्षं आम्ही एकत्र अभ्यास केला. कॉलेजात शिकवायला कोणी नव्हतं."

"त्यानं तुमचं उत्तर घेतलं असं तुम्हाला वाटतं का?"

"मला माहीत नाही. मी त्याचं घेतलेलं नाही एवढं मी सांगू शकते."

"म्हणजे तुम्हाला त्याच्यावर संशय आहे."

"आहे," समिधा म्हणाली. "पण संशयावरून मी काही सांगणार नाही. तुम्ही मला नवा प्रश्न द्या. तुमच्यासमोर सोडवते."

काळ्या चौकोनातून हसल्यासारखा आवाज आला. कदाचित खोकला असेल. मेघनांनी प्रश्न दिला. या वेळी शहरं नव्हती, एक गोदाम होतं आणि त्यात फिरणारी गाडी होती. पण आतला गाभा तोच, हे समिधाला लगेच दिसलं. तिनं टाइप करायला सुरुवात केली. पहिल्या काही ओळी हातांना पाठ होत्या. ती तोंडानं समजावत होती आणि बोटं लिहीत होती. मधे एक अट विसरली होती, ती मागं जाऊन घातली. प्रोग्राम चालवला. उत्तर बरोबर आलं.

मेघनांनी तिनं लिहिलेलं वरून खाली वाचलं. मग म्हणाल्या, "तिसरी ओळ वाचा. अक्षरं एकेक करून वाचा."

समिधानं वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. कुठल्या जागी जाऊन आलो याची खूण ठेवण्यासाठी जे नाव असतं ते 'व्हिजिटेड'. ते तिनं चुकीचं लिहिलं होतं. मधल्या 'आय' आणि 'टी' यांची अदलाबदल झाली होती. चूक सगळीकडं एकसारखी होती म्हणून मशिनला त्याचं काही वाटलं नव्हतं. मशिन स्पेलिंग बघत नाही.

"हे तुम्ही नेहमी असंच लिहिता?"

"मला माहीतच नव्हतं," समिधा म्हणाली. तिचं इंग्रजी लटपटायला लागलं. "मॅडम, परीक्षेतही असंच होतं का?"

"होतं. दोघांच्याही उत्तरात. आमच्या मशिननं तेच पकडलं. दोन माणसं एकच बरोबर शब्द लिहितात, त्यात काही नाही. एकच चूक करतात तेव्हा आम्ही थांबतो."

समिधाला लॅबमधला फळा दिसला. दुसऱ्या वर्षी तिनंच त्यावर या प्रश्नाचा सांगाडा लिहिला होता, कारण पुस्तक एकच होतं आणि ते तिच्याकडं होतं. ती लिहायची, अक्षत टाइप करायचा. फळ्यावर होतं तसंच. नंतर फळा पुसला, पण तो सांगाडा त्याच्या बोटांत जसाच्या तसा उतरला होता, चुकीसकट. दोघांनीही पुन्हा तो शब्द कधी वाचला नव्हता.

"त्यानं चोरलेलं नाही," ती म्हणाली. "ती चूक माझी आहे. मीच त्याला तशी शिकवली."

आता काळ्या चौकोनातला माणूस बोलला. "हे तुम्ही आत्ता जुळवलंत, की त्यानं सांगितलं?"

"त्याला माहीतच नसेल, सर. त्यालाही लिहायला सांगा."

दोघं आपापसांत काहीतरी बोलले, आवाज बंद करून. मग मेघना म्हणाल्या, "त्याची मुलाखत दुपारी आहे. तोवर तुम्ही त्याच्याशी बोलायचं नाही. फोन, मेसेज, निरोप, काही नाही. बोललात तर त्याच्या लिहिण्याला काही अर्थ राहणार नाही. समजलं?"

समिधाला समजलं. लॅपटॉप मिटल्यावर तर जास्तच समजलं, कारण मोबाइल वाजायला लागला आणि त्यावर अक्षतचं नाव होतं.

तिनं उचलला नाही. तो थांबला आणि पुन्हा वाजला. मग मेसेज आले. 'झालं का?' 'काय विचारलं?' 'माझं नाव निघालं?' शेवटचा होता, 'समजलो.' ती मोबाइलकडं बघत पलंगावर बसून राहिली. एक शब्द लिहिला असता तरी तो शांत झाला असता, आणि त्याच एका शब्दानं त्याची परीक्षा खोटी ठरली असती. शरयू जेवायला बोलवायला आली तर समिधा म्हणाली, "आई, हा मोबाइल तुझ्याकडं ठेव. मी मागितला तरी देऊ नको."

"काहून? काय झालं?"

"नंतर सांगते."

बाहेर, जेवणाच्या सुट्टीत घरी आलेल्या बाबांनी विचारलं, "सांगितलं ना त्याचं?"

"नाही सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. जेवा तुम्ही."

अक्षतनं दुपारी लिहिलं, आणि मधली दोन अक्षरं उलटीच लिहिली. कंपनीनं दोघांचाही अर्ज पुन्हा चालू केला. पुढच्या फेऱ्या महिनाभर चालल्या. समिधा शेवटपर्यंत पोचली. अक्षत शेवटच्या आधीच्या फेरीत गळला. तिथं कोणाच्या चुकीचा संबंध नव्हता, त्याला एक प्रश्न आला नाही एवढंच. नंतर काही महिन्यांनी इंदूरच्या एका छोट्या कंपनीत त्याला काम मिळालं.

त्या महिनाभरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले. समिधानं फोन न उचलण्याचं कारण सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, 'ठीक आहे' म्हणाला. तिला वाटलं होतं तो हलका होईल. तो तसा झाला नाही, आणि तिला पुन्हा कुठंतरी खटकत राहिलं.

तिचं नेमणूकपत्र आलं त्या आठवड्यात त्यानं ओमतीला चहाला बोलावलं. बाजाराच्या गर्दीत उभं राहून त्यानं अर्धा चहा संपवला आणि म्हणाला, "एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं."

समिधानं ओठाला लावलेला कप खाली घेतला.

"तू फोन उचलून नव्हती राहिली. मला वाटलं, हिनं सगळं माझ्यावर टाकलं. मग त्या मॅडमनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझ्या फाइली तिच्या लॅपटॉपवर होत्या, तिनं बघितल्या असतील. आधी हेच सांगितलं मी. लिहायला नंतर सांगितलं त्यांनी."

"म्हणजे जिन्यावर तू म्हणाला होतास ते..."

"तेव्हा खरंच म्हणालो होतो. नंतर नाही राहिलं." तो कपाकडं बघत होता. "लिहून झाल्यावर त्या मॅडम म्हणाल्या, तिनं तर तुम्ही चोरलं नाही असं आम्हाला सांगितलंय. तिथं बसून मला काय वाटलं असेल, तूच बघ."

रस्त्यावर कोणाचा तरी टेम्पो अडकला होता आणि मागचे सगळे भोंगे वाजवत होते. समिधाला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर तिनंही त्याचं ते वाक्य खोटंच धरलं होतं, आणि मेघनांपुढं 'संशय आहे' असं स्पष्ट म्हटलं होतं. ते तिनं त्याला आता सांगितलं.

"अच्छा," अक्षत म्हणाला. "म्हणजे दोघांनीही."

"दोघांनीही. पण तू जास्त बोललास."

"हो," तो म्हणाला. "मी जास्त बोललो."

त्यांनी चहा संपवला. त्यानं बंगळुरूला कधी निघणार ते विचारलं, तिनं सांगितलं. स्टेशनवर येऊ का, असं त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही ये म्हटलं नाही. वळताना तो म्हणाला, "अभिनंदन करायचं राहिलं," आणि गोहलपूरच्या रिक्षात बसला.

घरी बाबा ओट्यावर बसले होते. "काय म्हणाला तो?"

समिधानं चपला काढल्या. "काही नाही. अभिनंदन म्हणाला."

"इतक्या दूर बोलावून फक्त अभिनंदन?"

"हो."

दिवाकर लघाट्यांनी मुलीकडं बराच वेळ बघितलं. त्यांना ते पटलं नाही, हे तिला दिसलं. पण या वेळी ते पुढं काही विचारत बसले नाहीत, थोडे सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.